पहिला रकाना रिकामा आहे

मित्रांनो, मी एक फुगणारं, लाकडी, जुनं, चाळीस खणांचं, तपकिरी, बऱ्यापैकी देखणं कपाट आहे. बघा, विशेषणं जशी तोंडात आली तशी सांगून मोकळा झालो आणि तुम्हाला कुणालाही ठेच लागली नाही. मराठीचं हे बरं आहे. ‘लाल मोठी पिशवी’ म्हणा नाहीतर ‘मोठी लाल पिशवी’ म्हणा, पिशवी काही रुसत नाही. पण ज्या ऑफिसात माझं आयुष्य गेलं तिथे असं बोललो असतो, तर मला पुन्हा रांगेच्या शेवटी उभं केलं असतं.

आज सकाळी माझ्या कपाळावर एक कार्ड चिकटवलं गेलं. त्यावर आठ रकाने आहेत. सात हातावेगळे झाले आहेत आणि पहिला रिकामा आहे. त्या एका रकान्यात जो शब्द पडेल, त्यावर मी राहणार की भट्टीत जाणार हे ठरेल. शब्द लिहिणारे नवे साहेब सध्या जेवायला गेले आहेत. माणूस जेवायला किती वेळ घेतो? अर्धा तास? तेवढ्यात मला सगळं सांगायचं आहे, म्हणून मध्ये कुणी काही विचारू नका.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. मी लाकूड आहे. हवा दमट झाली की फुगतो आणि माझ्याबरोबर माझ्या गोष्टीही फुगतात. तेव्हा जे सांगेन त्यातलं चार बोटं कमी करून ऐका. मात्र सूरवाल्यांच्या पान्याची गोष्ट आहे तेवढीच ऐका. तिच्यातलं बोटभरही कमी करू नका.

माझं लाकूड म्हणे एका जहाजाचं. माझा सुतार सांगायचा की ते जहाज सात वेळा बुडालं आणि आठव्या वेळी कंटाळून स्वतःच काठावर येऊन बसलं. सुतार मला रंधा मारत असताना त्याची बायको डबा घेऊन यायची आणि कमरेवर हात ठेवून माझे खण मोजायची.

“चाळीस? एवढ्यात ठेवणार तरी काय?”

“लोकांचा विसराळूपणा,” सुतार म्हणायचा.

“मग कमी पडतील.”

तिचंच खरं झालं. मला नेऊन उभं केलं ते हरवलेल्या वस्तूंच्या ऑफिसात. गाड्यांचा मोठा तळ होता, शेजारी बंदर होतं, आणि दहा भाषांची माणसं तिथे रोज चढत-उतरत होती आणि काही ना काही विसरत होती. छत्र्या, चष्मे, कवळ्या, एकदा तर शिजवलेल्या भाताचं भरलेलं पातेलं. वस्तू मागच्या कोठारात जायची, तिच्यावर नंबर पडायचा, आणि त्या नंबराचं कार्ड माझ्या पोटात यायचं. कार्डाशिवाय कोठारात काही शोधायचं म्हणजे समुद्रात पडलेलं मीठ शोधायचं.

दहा भाषांमुळे लिखापढी इंग्रजीत. आणि ऑफिसचे पहिले मोठे साहेब त्याआधी वीस वर्षं शाळेत इंग्रजीचं व्याकरण शिकवत होते. ते शाळेला कंटाळले की शाळा त्यांना कंटाळली, याबद्दल दोन मतं होती. साहेबांचं म्हणणं, इंग्रजी माणूस वस्तूचं वर्णन वाटेल तसं करत नाही. त्याचा क्रम ठरलेला असतो आणि तो काळ्या दगडावरची रेघ असतो. आधी वस्तूबद्दलचं मत, मग तिचं माप, मग वय, मग घाट, मग रंग, मग मूळ कुठलं, मग माल कसला, मग काम काय, आणि सगळ्यांच्या मागे, वरातीमागून घोडं यावं तशी, खुद्द वस्तू. ते टेबलावर बोटाच्या पेराने ठोकायचे आणि सगळ्यांकडून म्हणवून घ्यायचे: मत-माप-वय-घाट, रंग-मूळ-माल-काम. झाडूवाल्यालाही पाठ होतं.

इथपर्यंत ठीक होतं. पण कार्डं लावायची कशी? छत्री छत्रीच्या खणात, पिशवी पिशवीच्या खणात, असं कुठल्याही शहाण्या माणसाला सुचलं असतं. साहेबांना ते मान्य नव्हतं. “वस्तू शेवटी येते,” ते म्हणाले, “आधी मत येतं. मग कपाटातही आधी मतच येणार.” म्हणून माझ्या वरच्या ओळीतल्या खणांवर पाट्या लागल्या: लव्हली, नाइस, आणि पुढे अशाच उतरत्या. ज्यांच्याबद्दल कुणाचं काहीच मत नाही अशी बिचारी कार्डं मधल्या ओळीत, बिग आणि स्मॉलच्या खणांत. आणि सगळ्यात खाली डाव्या कोपऱ्यात, फरशीला टेकलेला, एक खण. त्यावर पाटी: युसलेस.

बाकी खणांतल्या वस्तू वर्षभर ठेवायच्या. युसलेस मात्र महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंतच. त्या दिवशी सगळ्या युसलेस वस्तू पोत्यात भरून गाड्यावर चढायच्या. मग त्या खणातलं एकेक कार्ड मोठ्याने वाचायचं, कारण जाणाऱ्याला निदान क्रमाने निरोप द्यावा असं साहेबांना वाटायचं. याला ऑफिसात ‘शेवटची हाक’ म्हणत. हाक संपल्याशिवाय गाडा हलायचा नाही, आणि हाक संपली की मागच्या भट्टीत.

पहिली वर्षं माझी फार मानाची गेली. पाहुणे यायचे, माझ्या खांद्यावर थाप मारायचे. एका माणसाने ‘ब्लॅक बिग’ छत्री हरवली म्हणून सांगितलं, साहेबांनी त्याला रांगेच्या शेवटी पाठवलं. तो पुन्हा ‘ब्लॅक बिग’च म्हणाला. तिसऱ्या खेपेला त्याचा क्रम जमला तोवर बाहेरचा पाऊस थांबला होता. एकदा एक बाई आल्या, त्यांचे यजमानच गर्दीत हरवले होते. साहेबांनी कार्ड पुढे ओढून विचारलं, “मत?” बाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, “मत नंतर सांगते. आधी सापडू दे.”

हसा, मित्रांनो. मीही हसायचो. माझे खण खडखडायचे.

मोठे साहेब गेल्यावर त्यांच्या खुर्चीत नोंदणीच्या बाई बसल्या. त्या साहेबांच्याच शाळेतल्या विद्यार्थिनी. तशाच पेराने टेबल ठोकायच्या. शिस्तीच्या होत्या पण वाईट नव्हत्या. कुणाची वस्तू मिळाली नाही की त्यांचाच चेहरा उतरायचा, जणू ती त्यांनीच हरवली.

एका महिन्याच्या सुरुवातीला त्यांची दाढ ठणकत होती. गाल एवढा सुजलेला. नेमकं त्या दिवशी गाड्या धुणाऱ्याने टोपलीभर वस्तू आणून टेबलावर ओतल्या. दाढ दुखणाऱ्या माणसाला जग कसं दिसतं, ते ज्याची दुखली त्यालाच विचारावं. बाईंनी ओळीने अकरा कार्डं लिहिली आणि अकरांवरही पहिला शब्द युसलेस. त्यातली एक वस्तू म्हणजे वीतभर लांबीचं, टोकाला वाकलेलं, चिंध्या गुंडाळलेलं, तेलाने काळंकुट्ट झालेलं काहीतरी. बाईंनी ते दोन बोटांनी उचललं, नाक मुरडलं आणि त्याच तेलकट बोटांनी लिहिलं: युसलेस, स्मॉल, ओल्ड, क्रुकेड, ब्लॅक. मूळ कुठलं ते माहीत नाही म्हणून रेघ. माल आयर्न. काम माहीत नाही म्हणून रेघ. वस्तू: थिंग.

कार्ड माझ्या डाव्या कोपऱ्यातल्या खणात पडलं आणि तिथे कापराचा वास सुटला. म्हटलं, बरं आहे, वाळवी लागणार नाही. माझी अक्कल तेवढीच धावली.

तिसऱ्या दिवशी सूरवाले आले.

त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. सभागृहातले चार पियानो सुरात लावायचं काम ते करत. डोळ्यांनी जन्मापासून दिसत नव्हतं. सोबत त्यांची थोरली बहीण होती. हिने त्यांचा हात असा धरलेला, की साठीचा भाऊ अजून पहिलीत शाळेला निघालाय असं वाटावं.

“बाई, याचा पाना हरवलाय,” ताई म्हणाली. “गाडीत. पिशवीला भोक पडलंय म्हणून मी दोनदा सांगितलं होतं. ऐकेल तर शपथ.”

“ताई, तू शिवते म्हणाली होतीस.”

“दोरा आणून दिलास तर शिवेन ना.”

बाईंनी कार्ड ओढलं. “मत?”

“कशाबद्दल?” सूरवाल्यांनी विचारलं.

“पान्याबद्दल. सुंदर, बरा, साधा, कसा?”

“अहो, हरवलेल्या वस्तूबद्दल मत कसलं आलंय,” ताई म्हणाली. “मिळाला तर चांगला.”

“क्रम आहे ताई. मत आधी.”

सूरवाले म्हणाले, “सुंदर लिहा. त्याहून मोठा शब्द असला तर तो लिहा.”

बाईंनी लव्हली लिहिलं. मग स्मॉल. मग ओल्ड.

“घाट?”

“माझ्या हाताचा.”

“म्हणजे?”

त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. शेवटची दोन बोटं आत वळून तळव्याला टेकलेली होती, लहानपणीच्या तापापासून. “असा हात घेऊन कोण शिकवणार? माझ्या उस्तादांनी शिकवलं. बाजारातला कुठलाच पाना या हातात बसेना, तेव्हा त्यांनी तीन महिने लाकूड तासून या बोटांच्या मापाची मूठ बनवली. ते गेले. मूठ राहिली.”

बाईंनी कर्व्ह्ड लिहिलं. “रंग?”

“हे कधी विचारलंच नाही मी,” सूरवाले म्हणाले. “ताई, तुला माहितीये?”

“कधी हात लावू दिलास तर माहीत असणार. हत्यारांना शिवू नकोस, शिवू नकोस. घ्या आता.”

रंगापुढे रेघ पडली. माल, पोलाद आणि लाकूड. काम, पियानो सुरात लावणं.

कळलं ना, मित्रांनो? एका कार्डावर रंग नव्हता आणि दुसऱ्यावर काम नव्हतं. एक मालकाच्या बोटांनी सांगितलेलं, दुसरं दाढदुखीने लिहिलेलं. बाईंच्या डोळ्यांपुढे आता एक नाजूक, चकचकीत, कोरीव मुठीचा पाना उभा राहिला. दोन बोटांनी उचललेली ती काळी वस्तू त्यांना कशाला आठवेल?

बाईंनी लव्हलीचा खण उघडला. नाही. नाइसचा उघडला. नाही. स्मॉलचा उघडला, शंभरभर कार्डं चाळली. नाही. आणि थांबल्या. ऑफिसचा नियमच तसा होता, मालकाच्या शब्दाने खण उघडायचा. शिवाय एक सभ्यपणा होता. समोर बसलेला माणूस आपल्या वस्तूला सुंदर म्हणतोय आणि आपण त्याच्या देखत जाऊन युसलेसमध्ये शोधायचं, हे बाईंना तोंडावर थुंकल्यासारखं वाटलं असतं. समोरच्याला दिसत नाही म्हणून तर अधिकच.

तिथेच सगळं फसलं.

सूरवाले दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले, रोज येऊ लागले. बाकावर बसायचे, ताई शेजारी. त्यांच्या बोलण्यातून मला कळत गेलं. सभागृहाच्या व्यवस्थापकाने महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली होती. त्याच्या पुढच्या आठवड्यात गाण्यांचे कार्यक्रम सुरू होणार होते आणि चारही पियानोंचे सूर उतरले होते. सूरवाल्यांनी दुसरे पाने आणून बघितले. हातातून निसटले, एक तार तुटून गालावर बसली. तिचा वळ मला बाकावरूनही दिसायचा. मुदत टळली तर दुसरा माणूस येणार, आणि सभागृहामागची खोली त्या माणसाची होणार. मग सूरवाल्यांनी ताईकडे जायचं.

“माझ्याकडे काय वाईट आहे?” ताई विचारायची. “गॅलरीत खाट टाकू. जेवण वेळेवर. सूनबाई काही बोलायची नाही, बोलली तर मी आहे.”

“तुझ्याकडे सगळं चांगलं आहे ताई. पण दिवसभर करायचं काय?”

ताई त्यांच्या सदऱ्याचं बटण उगाच लावायची, लावलेलं असलं तरी.

आणि मी? कार्ड माझ्या पोटात होतं. बाकापासून सहा पावलांवर, माझ्या डाव्या कोपऱ्यात, फरशीपासून चार बोटं वर. मला माहीत होतं आणि मला तोंड नव्हतं. चाळीस खण दिले सुताराने, एक जीभ दिली नाही. मी करकरलो. बाई म्हणाल्या, हवा बदलतेय. मी युसलेसची पाटी तिरकी केली. झाडूवाल्याने सरळ केली. एका दुपारी मी सगळा दम एकवटून त्या खणाच्या फटीतून कापराचा वास बाहेर सोडला. खोटं वाटेल, पण सोडला.

सूरवाल्यांनी मान वर केली. “ताई, कापूर.”

“असेल,” ताई म्हणाली. “कुणाचं तरी गरम कपड्यांचं गाठोडं राहिलं असेल आत. सगळ्यांच्या ट्रंकांना येतो तो वास.”

त्यांनी मान खाली घातली. मित्रांनो, त्या दिवशी मला जहाज असतानाचं बुडणं आठवलं. सातही वेळचं.

बाईसुद्धा खचत चालल्या होत्या. लव्हलीचा खण दिवसातून चारदा उघडायच्या, जणू कार्ड तिथे उगवणार होतं. घरून डबा आणायच्या तो तसाच परत न्यायच्या. एकदा सूरवाले लवकर गेले तेव्हा टेबल ठोकत स्वतःशीच म्हणत होत्या, मत-माप-वय-घाट, मत-माप-वय-घाट, आणि पुढचं त्यांना म्हणवेना.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. हवा एवढी दमट की भिंतींना घाम फुटलेला. हमालकाकांनी सकाळीच युसलेसचं पोतं भरून गाड्यावर चढवलं आणि गाडा दारात आणला. मागच्या भट्टीचा धूर खिडकीतून दिसत होता. सूरवाले आणि ताई बाकावर. ताईच्या मांडीवर एक गाठोडं होतं. त्यांच्या खोलीतले कपडे ती आधीच बांधून आली होती.

बाई युसलेसचा खण उघडायला वाकल्या.

मी फुगलो.

आयुष्यभर मी गर्वाने फुगलो, थापांनी फुगलो, पावसाने फुगलो. त्या दिवशी भीतीने फुगलो. खण उघडला नाही तर हाक नाही, हाक नाही तर गाडा हलत नाही. एवढंच कळत होतं. भिंतींचा घाम, गटाराचा ओलावा, कोपऱ्यातल्या बादलीतलं पाणी, सगळं मी आत ओढून घेतलं. (बादली खरंच रिकामी झाली होती. तुम्ही हवं तर यातलं अर्धं कमी करा.) बाईंनी ओढलं, खण हलला नाही. हमालकाकांनी माझ्या छातीवर पाय देऊन ओढलं, मूठ उपटून त्यांच्या हातात आली आणि ते फरशीवर बसले.

“मेलं अडलंय,” काका उठत म्हणाले. “पहार आणतो.”

पहार आली. तिचं टोक माझ्या फटीत घुसलं. आता फुटलो, एवढंच मनात आलं.

“थांबा,” बाकावरून सूरवाले म्हणाले. “काय करताय?”

“खण फुगलाय हो. फोडल्याशिवाय नाही यायचा.”

“फोडू नका. लाकडाला मारलं की ते आणखी धरून बसतं. पियानोचं झाकण असंच करतं. मला बघू द्या.”

“बाळ्या,” ताई म्हणाली, “आपला आज शेवटचा दिवस. नि तू दुसऱ्याचं कपाट उघडायला निघालास?”

“पाना नाही मिळाला. हाताला निदान काहीतरी काम मिळू दे.”

ते आले, माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि त्यांनी तो हात माझ्यावर ठेवला. आत वळलेली दोन बोटं माझ्या पाटीवरून फिरली. काय लिहिलंय ते त्यांना कळलं नाही. मग ते पेराने ठोकू लागले आणि कान लावून ऐकू लागले. मला वाटलं, जुने मोठे साहेबच आले. “इथे धरलंय,” ते म्हणाले. “डावीकडे वर. मेणबत्तीचा तुकडा आहे का कुणाकडे?”

झाडूवाल्याने दिला. त्यांनी फटीत मेण घासलं, खण थोडा आत ढकलला, थोडा उजवीकडे, पुन्हा आत. आणि मला पेच पडला. या हाताला नाही म्हणायचं, की हो म्हणून हाक सुरू होऊ द्यायची? नाही म्हटलं तर पहार. हो म्हटलं तर भट्टी. पण इतक्या वर्षांत मला ओढलं सगळ्यांनी, कुठे अडलंय ते विचारलं कुणीच नव्हतं.

मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून आकसलो.

खण उघडला. महिनाभर कोंडलेला वास त्यांच्या तोंडावर आला आणि त्यांचे हात जागीच थांबले.

“कापूर,” ते म्हणाले. “आणि जवसाचं तेल.”

“पुन्हा तेच,” ताई म्हणाली.

“ताई, गप. हे मिश्रण मी करतो. माझे उस्ताद करायचे, आणि आता मी करतो.”

ते एकेक कार्ड उचलून नाकाशी नेऊ लागले. एक. दोन. पाच. सातव्या कार्डाला थांबले. ते त्यांनी दोन्ही हातांत धरलं. बघा कशी वेळ, मित्रांनो. ज्यासाठी महिनाभर बाकावर बसले ते कार्ड हातात होतं आणि त्यांना ते वाचता येत नव्हतं. त्यांनी ते हवेत, बाई असतील त्या दिशेला धरलं.

“वाचा.”

बाईंनी कार्ड घेतलं. स्वतःचं अक्षर ओळखलं. त्यांचा चेहरा मी खालून बघत होतो, बघितला नसता तर बरं झालं असतं.

“स्मॉल,” त्या म्हणाल्या. “ओल्ड. क्रुकेड...”

“पहिला राहिला बाई. मत आधी. तुम्हीच शिकवलंत.”

दारातला गाडा कुरकुरला.

“युसलेस,” बाई म्हणाल्या. “मी लिहिलंय. दाढ दुखत होती. माझं चुकलं.”

ताईने तोंड उघडलं होतं. सूरवाल्यांनी हात वर करून तिला थांबवलं. “पुढे?”

“ब्लॅक.”

“काळा आहे होय,” ते हळूच म्हणाले. “चाळीस वर्षांनी कळलं. आणि काम काय लिहिलंय?”

“काही नाही. रेघ आहे.”

“मग बरोबर लिहिलंत. काम माहीत नसलं तर युसलेसच. तुमच्या हातात तो युसलेसच आहे, बाई.” त्यांनी आपला हात पुढे केला. “आता माझ्या हातात द्या.”

हमालकाकांनी नंबर विचारायची वाटही बघितली नाही. पोतं फरशीवर उलटं केलं. फुटके डबे, एकेकटे बूट, गंजलेली कुलपं, आणि त्यांत ती काळी वाकडी वस्तू. बाईंनी ती या वेळी पाची बोटांनी उचलली आणि त्यांच्या हातात ठेवली. आखडलेली दोन बोटं मुठीच्या खाचेत अशी जाऊन बसली, जसा माझा खण नव्याने बनवला तेव्हा बसायचा. त्यांनी रिकाम्या हवेत पाना पाव फेरा फिरवला, मान कलती करून ऐकलं, आणि मग रडले. ताईने गाठोडं सोडून त्यातला पंचा काढून दिला.

चारही पियानो त्याच संध्याकाळी सुरात आले. आवाज तीन गल्ल्या ओलांडून माझ्यापर्यंत आला होता. हे चार बोटं कमी करून ऐका.

त्या दिवसापासून बाई पहिला रकाना पेन्सिलीने लिहू लागल्या, आणि तोही सगळ्यांत शेवटी. सूरवाले दोन-चार महिन्यांनी यायचे, माझ्या खणांना मेण लावून जायचे. उरलेलं थोटूक युसलेसच्या खणातच ठेवायचे. “इथे असू दे,” म्हणायचे, “कुणालाही लागेल.”

मग संगणक आला. त्याला नुसतं ‘छत्री’ म्हटलं की छत्री सापडते, मत कुणी विचारत नाही. मला मागच्या बोळात नेलं. माझ्या डोक्यावर झाडू ठेवू लागले, मग रंगाचे डबे, मग काहीच ठेवेनासे झाले. सूरवाले एका वर्षी आले नाहीत, नंतर कधीच आले नाहीत. बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी बोळात आल्या, माझ्या वरच्या ओळीला पेराने आठ वेळा ठोकलं आणि गेल्या.

आज सकाळी नवे साहेब आले. बोळ मोकळा करायचा आहे. जुनी छापील कार्डं उरली आहेत ती त्यांनी संपवायला काढलीत. बिग, ओल्ड, स्क्वेअर, ब्राऊन, मूळ माहीत नाही म्हणून रेघ, वुडन, फायलिंग. सगळं बरोबर लिहिलं. पहिल्या रकान्यावर पेन ठेवलं, मग म्हणाले, उघडून तर बघू. आणि नेमका त्यांनी डाव्या कोपऱ्यातला खालचा खण ओढला. तो उघडला नाही. वर्षानुवर्षांचा ओलावा आहे, मित्रांनो, आता तो माझ्या हातात राहिलेला नाही. त्यांनी घड्याळ बघितलं, म्हणाले, “जेवून येतो, मग बघू,” आणि गेले.

तो खण उघडायला मेण लागतं. मेणाचं थोटूक त्या खणाच्या आत आहे.

तुमच्यापैकी कुणी त्यांना वाटेत भेटलं, तर एवढंच सांगा. ओढू नका म्हणावं. डावीकडे वर ठोकून बघा, थोडं आत ढकला, थोडं उजवीकडे. घरातली छत्री उघडत नसेल, रेडिओ खरखरत असेल, आजोबा तीच गोष्ट पुन्हा सांगत असतील, तिथेही आधी हाच उपाय करा. पेन त्यानंतर उचला.

बोळाच्या टोकाला पावलं वाजताहेत. पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला. मी पोट आत ओढून उभा आहे.